मिशिगन विद्यापीठाचा फुटबॉल संघ: 1997 चे विजेतेपद अर्धे कसे?

दांडियाबाजारकर (बडोदे):
माझा भाचा मिशिगन विद्यापीठात शिकायला ॲन आर्बरला गेल्यापासून शनिवारी रात्री साडेनऊनंतर फोन उचलत नाही, कारण तेव्हा तिकडे दुपारचा सामना सुरू झालेला असतो. हा फुटबॉल म्हणजे हातात चेंडू घेऊन धावण्याचा अमेरिकन खेळ, एवढे मला कळले आहे. मात्र 1997 चे राष्ट्रीय विजेतेपद ‘वाटून घेतलेले’ होते असे तो सांगतो, आणि 2024 मध्ये पाच सामने हरूनही तो हंगाम आनंदाचा होता असेही म्हणतो. या दोन्ही गोष्टींचा उलगडा जाणकारांनी करावा.

राजवाडा_इंदूर:
पहिल्या प्रश्नाचे मूळ जुन्या पद्धतीत आहे. तेथे विजेता अंतिम सामन्याने नव्हे, तर मतदानाने ठरत असे. 1997 च्या हंगामात मिशिगनने बाराही सामने जिंकले, परंतु त्यांच्या गटाच्या विजेत्याला परंपरेने रोझ बोल या हंगामाअखेरच्या सामन्यातच खेळावे लागे. त्यामुळे तितक्याच अपराजित नेब्रास्का विद्यापीठाच्या संघाशी त्यांची गाठ पडलीच नाही. पत्रकारांनी मिशिगनला आणि प्रशिक्षकांनी नेब्रास्काला पहिला क्रमांक दिला. पुढच्याच हंगामापासून पहिल्या दोन संघांना समोरासमोर आणण्याची व्यवस्था झाली, 2014 पासून चार संघांची बाद फेरी आली आणि 2024 पासून ती बारा संघांची झाली.

संघ 1879 पासून खेळतो. प्रशिक्षक फील्डिंग योस्ट यांच्या संघाने 1902 च्या पहिल्यावहिल्या रोझ बोलमध्ये स्टॅनफर्डला 49–0 असे हरवले होते. 1927 मध्ये उभे राहिलेले त्यांचे स्टेडियम आज एक लाख सात हजारांहून अधिक आसनांचे आहे. 2023 च्या हंगामात त्यांनी पंधरापैकी पंधरा सामने जिंकले आणि अंतिम सामन्यात वॉशिंग्टनचा 34–13 असा पराभव केला. हे विजेतेपद मात्र कोणाशीही वाटून घ्यावे लागले नाही.

मांडवी_बडोदे:
दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बडोदेकराला तरी अवघड वाटू नये. होळकर आणि बडोदे हे रणजीच्या अंतिम सामन्यात पुन्हा पुन्हा भेटत, त्या काळात 1947 साली हजारे आणि गुल महंमद यांनी होळकरांविरुद्ध 577 धावांची भागी केली होती. तो डाव आमच्या वडिलांच्या पिढीला इतर सगळ्या धावसंख्यांपेक्षा अधिक लक्षात राहिला. (इंदूरकरांनी क्षमा करावी.) मिशिगनचे होळकर म्हणजे ओहायो स्टेट विद्यापीठाचा संघ. 1969 मध्ये गतविजेत्या ओहायोला 24–12 असे हरवणारे मिशिगनचे प्रशिक्षक बो शेम्बेक्लर हे ओहायोचे प्रशिक्षक वुडी हेज यांच्याच हाताखाली तयार झालेले होते, आणि पुढची दहा वर्षे ही गुरुशिष्यांची झुंज चालली.

अलीकडे 2012 ते 2019 असे सलग आठ वेळा ओहायो जिंकले. 2021 पासून सलग चार वेळा मिशिगन. त्यांतला चौथा विजय 2024 चा, ओहायोच्या मैदानावरचा, 13–10 असा. गंमत अशी की हा पराभव पचवूनही त्या वर्षीचे राष्ट्रीय विजेतेपद ओहायोनेच मिळवले, कारण बारा संघांच्या बाद फेरीत त्यांना जागा होती. तरीही आपला भाचा त्या हंगामावर खूश आहे, यात मला काही नवल वाटत नाही.

राजवाडा_इंदूर:
क्षमा केली, मात्र 1945–46 चा अंतिम सामना होळकरांनीच बडोद्याविरुद्ध जिंकला होता, हेही नोंदवून ठेवावे. शिवाय 2023 च्या यशाची दुसरी बाजूही सांगायला हवी. विरोधी संघ सामन्यात आपल्या खेळाडूंना ज्या खुणा करतात त्या आधीच टिपून घेतल्याच्या आरोपावरून प्रशिक्षक जिम हार्बॉ यांना नियमित हंगामाचे शेवटचे तीन सामने मैदानाबाहेर राहावे लागले. त्यामुळे संघाचा हजारावा विजय, जो या खेळात त्यापूर्वी कोणत्याही महाविद्यालयीन संघाने गाठला नव्हता, मुख्य प्रशिक्षकाविनाच साजरा झाला. विजेतेपद काढून घेतले गेले नाही, पण ओहायोचे चाहते हा विषय सोडतील असे दिसत नाही.

दांडियाबाजारकर (बडोदे):
दोघांचेही आभार. नोव्हेंबर 2025 मध्ये ओहायोने 27–9 असे हरवले, त्या आठवड्यात भाच्याने फोनच केला नव्हता. तेव्हा मी परीक्षेचा ताण समजून त्याच्या आईला उगाच काळजीत टाकले.