फलाटावर झोपलेला मुलगा आणि तीनशे रुपयांचं पुस्तक

परळचा पांडू
गेल्या रविवारी लेकीला घेऊन दादरला एका व्याख्यानाला गेलो होतो. वक्ता तिशीचा. अकराव्या वर्षी घरातून पळाला, सीएसएमटीच्या फलाटावर चार वर्षं काढली, मग संस्था, शिक्षण, आणि आता भाषणं नि पुस्तक. बोलला झकास. लोक रडले. बाहेर टेबलावर पुस्तक, सही करून तीनशे रुपये. मीही घेतलं, खोटं कशाला बोला.

लोकलमध्ये बसल्यावर मात्र खटकायला लागलं. दोन तास नुसती जिद्द, जिद्द. अठरा पूर्ण झाल्यावर संस्थेतून बाहेर पडला तेव्हा राहिला कुठे, खोलीचं डिपॉझिट कुणी भरलं, आधार कार्डावर पत्ता कुणाचा टाकला, यावर चकार शब्द नाही. २०११च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ५७ हजार बेघर मोजले गेले. त्या सगळ्यांची जिद्द कमी पडली का? शेजारची बाई मुलाला म्हणाली, "बघ, त्याच्याकडे काही नव्हतं. तुला सगळं असून गणित येत नाही." बेघर पोरगा म्हणजे आपल्या मुलांना पाजायचं टॉनिक झालाय. शाळा-कॉलेजांतून ही भाषणं बंद करा असं माझं मत. बोला.

गिरणगावची
साफ असहमत. मग नारायण सुर्व्यांचं काय करायचं? टाकून दिलेलं मूल, गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने वाढवलं. ते निवृत्त होऊन कोकणात गेले आणि हा पोरगा मुंबईत एकटा उरला. हॉटेलात पोऱ्या, पुढे पालिकेच्या शाळेत शिपाई, मग त्याच पालिकेचा मास्तर, १९९८ साली पद्मश्री. तेही मंचावर उभे राहिलेच की. तुम्ही त्यांना गप्प बसवलं असतं?

परळचा पांडू
ताई, मास्तर कामगारांबद्दल बोलले. 'मी कसा वर आलो' याचा क्लास नाही काढला.

गिरणगावची
आणि सिंधुताई सपकाळ? त्या स्वतःचीच कहाणी सांगायच्या, गावोगाव, आणि त्या भाषणांच्या पैशांवर लेकरं जेवायची. पदर पसरायला त्या लाजल्या नाहीत. मग या पोराने तीनशे रुपये घेतले तर पोटात का दुखतंय?

बालगृहातला दादा
तुम्ही दोघं वक्त्यावर भांडताय. मी अशा मुलांसोबत बरीच वर्षं काम करतो. २०१५च्या बाल न्याय कायद्यात अठरानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्थेतून बाहेर पडलेल्या मुलांना आधार द्यायची, सोय आहे. कागदावर. अनुरक्षण गृह म्हणजे काय, हे आमच्याकडच्या किती मुलांना बाहेर पडायच्या दिवसापर्यंत माहीतच नसतं. महाराष्ट्राने २०१८ साली अनाथांना एक टक्का आरक्षण दिलं. चांगलंच झालं. पण पळून आलेल्या पोराचे आईबाप बहुतेकदा जिवंत असतात, म्हणजे तो अनाथही नाही. घर नाही आणि दाखलाही नाही. हे मंचावरून सांगितलं तर टाळी येणार नाही, म्हणून कुणी सांगत नाही. पांडूभाऊंचं एवढं खरं. बंदी मात्र कशाला?

चप्पल उशाशी
पांडूभाऊ, त्याची सॅक कुठे होती बोलताना?

परळचा पांडू
बरं आठवलं. पायातच होती. आयोजकांनी दोनदा मागितली, दिली नाही. का?

चप्पल उशाशी
सहज. मी वांद्रे टर्मिनसला दोन वर्षं झोपलोय. तिथे पहिली चोरीला जाते ती चप्पल, म्हणून डोक्याखाली घेऊन झोपायचं. आज माझी स्वतःची खोली आहे, दहा बाय बारा, भाड्याची. चप्पल अजून पलंगाखाली आत सरकवतो, दाराशी ठेवत नाही. बायको हसते.

मीपण एकदा भाषण दिलंय, एका कॉलेजात. अठराव्या वर्षाचंच बोलायचं ठरवून गेलो होतो. आयोजक कानात म्हणाले, जरा पॉझिटिव्ह ठेवा. ठेवलं. शाल दिली, श्रीफळ दिलं. पाकीट नव्हतं. विरार लोकलमध्ये सहाच्या गर्दीत एका हातात नारळ धरून उभा, आणि खिशात परतीचं तिकीट सोडून पस्तीस रुपये. हा तीनशे घेतो ना, घेऊ दे. भाडं असेल त्याचं.

आणि भाऊ, तो बोलला नाही म्हणता, पण शेवटी प्रश्न विचारायला देतात. डिपॉझिटचं तुम्ही विचारलंत?

गिरणगावची
हा!

परळचा पांडू
नाही विचारलं. हात वर करणार होतो, पण पुढच्या काकूंनी 'नैराश्यावर मात कशी कराल' विचारलं आणि वेळ संपली. कॉलेजवाल्यांवरचा माझा राग कायम आहे, नारळवाल्यांवर तर आता जास्तच. बंदीचं मागे घेतो.

बालगृहातला दादा
पुस्तक तरी वाचलंत का?

परळचा पांडू
लेकीने पळवलंय. आत्ताच विचारलं. म्हणते डिपॉझिटचं आहे त्यात, अर्धं पान. कुणी भरलं ते सांगत नाही. म्हणते, बाबा, तुम्हीच वाचा.