काटा वर-खाली, कूलंट गायब, पण जमिनीवर थेंब नाही

खडखड:
गाडी सोळा वर्षांची. १.२ लिटर पेट्रोल, १,३८,००० किमी. आधी वडील चालवायचे, त्यामुळे "विकून टाक" म्हणणाऱ्यांनी कृपया तसदी घेऊ नये.

दोन महिने झाले. सकाळी गाडी काढली की टेम्परेचरचा काटा नेहमीसारखा निम्म्याच्या किंचित खाली येऊन बसतो. वीसेक मिनिटांनी गर्दीत अडकलो की हळूहळू पाऊणपर्यंत चढतो. माझाही जीव त्याच्याबरोबर वर. मग एकदम, कुणी ढकलल्यासारखा, निम्म्यावर पडतो. पाच मिनिटांनी परत तेच. मोकळ्या रस्त्याला ऐंशीच्या वेगात मात्र अगदी शहाणा.

रेडिएटरला जोडलेल्या बाटलीत कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कायम वरच्या रेषेला, कधी तर त्याच्याही वर, म्हणून निर्धास्त होतो. मागच्या आठवड्यात रविवारी इंजिन थंड असताना सहज रेडिएटरचं झाकण उघडलं, तर बोट आत घातलं तरी कोरडंच. ६०० मिली कूलंट गेलं आत. काल, म्हणजे आठ दिवसांनी, परत ५००. रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरून ठेवतो, त्यावर एक डाग नाही.

गॅरेजमध्ये आधी थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडून देणारा व्हॉल्व्ह) बदलला, मग फॅनचा स्विच. फरक शून्य. आता म्हणतात हेड, म्हणजे सिलिंडरांवरचा इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागेल. ऑइल स्वच्छ आहे, पांढरा धूर नाही. उतरवू देऊ का?

वळणरस्ता:
हेड गॅसकेट, म्हणजे हेडखालची पातळ सील, गेलंय. माझ्या गाडीला हेच झालं होतं. सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतो, पाण्याला बाटलीत ढकलतो, रेडिएटर रिकामा. ऑइल स्वच्छ आहे म्हणजे गॅसकेट शाबूत आहे असं नसतं, गॅसकेट कुठे फुटलंय त्यावर ते ठरतं. जास्त दिवस चालवू नका, हेड वाकेल.

दुसरागिअर:
थर्मोस्टॅट काढूनच टाका आणि साधं पाणी भरा. जुन्या गाडीचे एवढे लाड कशाला?

जुनापाना:
हेडला अजून कोणी हात लावू नका. मी तीस वर्षं गाड्यांखाली पाठ टेकवून काढली आहेत आणि विनाकारण उतरवलेली हेडं पुष्कळ पाहिली आहेत. काही मीही उतरवली आहेत, खोटं कशाला बोलू.

आधी पाण्याचा, म्हणजे कूलंटचा, हिशोब लावा. पाणी कमी झालं की वरच्या भागात हवा जमते. थर्मोस्टॅटमधल्या मेणाला गरम पाणी लागलं की तो उघडतो. तिथे हवा अडकली असेल तर त्याला खबर उशिरा लागते. तोवर इंजिन तापत राहतं, काटा चढतो. मग एकदाचा तो उघडतो, रेडिएटरमधलं गार पाणी भसकन आत येतं आणि काटा पडतो. नवा थर्मोस्टॅट बसवून फरक पडला नाही तो यामुळे. पुढच्या वेळी काटा चढला की हीटर पूर्ण गरमवर लावून बघा. काटा वर आणि झोत गार, तर बहुतेक आत हवा आहे. आणि कधी काटा एकदम तळाला गेला तर सुटलो समजू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो. कोरडा पडला की इंजिन भाजत असतानाही तो थंड दाखवू शकतो. तिथेच गाडी बाजूला घेऊन बंद करा.

आता पाणी जातं कुठे. झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा ठरावीक दाबाला उघडतो, तो आकडा झाकणावर छापलेला असतो, बऱ्याच गाड्यांना ०.९ किंवा १.१ बार. तो जास्तीचं पाणी बाटलीत सोडतो. इंजिन गार होताना आत पोकळी तयार होते, तेव्हा मधला छोटा व्हॉल्व्ह उघडून तेच पाणी परत आत ओढलं जातं. तुमच्या गाडीत पाणी जातंय, परत येत नाहीये. मग बाटली भरते आणि उतू जाते, तेही गाडी चालू असताना. तुमच्या पुठ्ठ्याला ते कधी दिसायचं?

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना रेडिएटरचा वरचा पाइप बघा. (गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही. माझ्या डाव्या मनगटावरचा डाग त्याच शहाणपणाचा आहे.) पाइप आत ओढल्यासारखा चपटा असेल तर बहुतेक छोटा व्हॉल्व्ह अडकलाय. चपटा नसेल तर पाण्याऐवजी हवा आत ओढली जातेय, आणि तिचा रस्ता बहुतेक झाकणाच्या रबरातून किंवा बाटलीकडे जाणाऱ्या बारीक नळीतून असतो.

वळणरस्ता म्हणतात तीही शक्यता आहे, लक्षणं सारखीच दिसतात. म्हणून पाणी काठोकाठ भरा, झाकण लावा, गार इंजिन सुरू करा आणि वरचा पाइप दाबून बघत राहा. बोटं पंख्यापासून लांब, तो न सांगता सुरू होतो. पाणी कोमटही झालेलं नसताना मिनिटाभरात पाइप दगड झाला तर बहुतेक गॅसकेट गेलंय. गाडी तापेल तसा सावकाश ताठ झाला तर बहुधा नाही. तरी खात्रीला निळ्या द्रवाची टेस्ट करून घ्या. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढतात, सिलिंडरमधला जळलेला गॅस असेल तर निळ्याचं पिवळं होतं. ही टेस्ट न करता जो हेड उतरवायला निघतो तो अंदाजाने निघालाय.

दुसरागिअर, काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बरंच पाणी रेडिएटरला वळसा घालून इंजिनातच फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. जिथे तापत नाही तिथे इंजिन कायम थंड राहून पेट्रोल पितं. साधं पाणी अडीअडचणीला ठीक. महिनोन्‌महिने घातलंत तर क्षार आणि गंज ठरलेला.

खडखड:
काका, आठवड्याभराचा अहवाल.

हीटर लावला तेव्हा काटा पाऊणवर आणि झोत चक्क गार! सकाळी वरचा पाइप चपटा नव्हता. मग बारीक नळी काढली. रेडिएटरच्या तोंडाशी क्लिपखाली चीर सापडली, वाकवल्याशिवाय दिसत नव्हती. झाकणाचं रबर इतकं कडक झालंय की नख रुतत नाही. पाइप ताठ व्हायला सहा मिनिटं लागली. निळा द्रव निळाच राहिला. गॅरेजवाले जरा गप्प झाले.

झाकण (जुन्यावर ०.९ होतं, तेच घेतलं) आणि नळी दोन्ही बदललं. गाडीचं तोंड चढावर करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून गार इंजिनापासून सुरू केलं. बुडबुडे थांबेपर्यंत कूलंट भरत गेलो. थर्मोस्टॅट उघडला तेव्हा पातळी एकदम खाली गेली, तिथे अजून अर्धा लिटर बसलं. चार दिवस काटा हललेला नाही.

पण आज पुठ्ठ्यावर थेंब! दोन महिन्यांत पहिल्यांदाच. पट्ट्याच्या बाजूला. नव्या झाकणाने काही बिघडवलं का?

जुनापाना:
झाकणाने चुगली केली. जुनं झाकण दाब धरतच नव्हतं, त्यामुळे वॉटर पंपाच्या सीलवर पुरता जोर कधी आलाच नाही. आता आला.

पंपाच्या पुलीमागे खालच्या अंगाला एक बारीक भोक असतं. सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता बाहेर पडावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन तिथे वाळलेला ओघळ दिसतो का बघा. त्या भोकात सीलंट भरणारे बहाद्दर असतात, त्यांना जवळ येऊ देऊ नका. रेडिएटरमध्ये ओतायची गळतीबंद पावडरही नको, ती हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते. प्रेशर टेस्टर लावा, गार इंजिनावर ०.९ बार, पंधरा मिनिटं. दाब पडला आणि तिथेच ओल आली तर पंप बदला. पंप टायमिंग बेल्टवर फिरत असेल तर बेल्टही आत्ताच बदला, नाहीतर सगळं दुसऱ्यांदा उघडाल.

आणि तो पुठ्ठा लगेच उचला. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल गोड असतं. कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही मरतात.

खडखड:
पुठ्ठा उचलला. पंपच होता. भोकाखाली हिरवट-पांढरा ओघळ आणि पुली हाताने हलत होती. पंप आणि बेल्ट बदलला, मग टेस्टर वीस मिनिटं जागचा हलला नाही. त्यानंतर तीन रविवार झाकण उघडून पाहिलं, पाणी काठापर्यंत. बाटलीवर काळ्या मार्करने रेघ मारली आहे, रात्री वर आणि सकाळी परत रेघेवर. आता ते बघायचाच नाद लागलाय.

वडिलांच्या वहीत मागे जाऊन पाहिलं. बॅटरी, टायर, ब्रेक, वायपरसुद्धा, सगळ्याची नोंद आहे. झाकणाची एकही नाही.

वळणरस्ता:
हेड वाचलं तुमचं. हे वाचून मीही आज माझ्या गाडीचं झाकण काढून पाहिलं, रबर चिरलंय. त्यावर १.१ छापलंय, दुकानात ०.९ मिळतंय. चालेल का?

जुनापाना:
छापलंय तेच.