मधल्या किमतीचं मेटल डिटेक्टर मशीन म्हणजे पैसे पाण्यात? डीप_सिग्नल यांना सविस्तर उत्तर

लेस्टरकर
काल डीप_सिग्नल यांनी एका नवख्याला सल्ला दिला : "स्वस्तातल्या सिंप्लेक्सवरून वर जायचं तर थेट महागडं ड्यूस टू किंवा मँटिकोर घ्या. मधलं मशीन म्हणजे पैसे पाण्यात, पुढे बदलावंच लागतं." खाली लाइकची रांग. तिथेच प्रतिक्रिया लिहीत होतो, ती आवरेना, म्हणून वेगळा धागा.

आधी 'महाग मशीन जास्त खोलवर शोधतं' हे भूत उतरवू. नाण्याएवढ्या वस्तूकडून येणारा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने पडतो. वस्तू दुप्पट खोल असली की सिग्नल 64 पट क्षीण. त्यामुळे दुप्पट पैसे मोजले तरी दुप्पट खोली मिळत नाही. मिळाले तर एकदोन इंच, तेही जमिनीची मर्जी असेल तर.

मग इकडे इंग्लंडात 500 ते 700 पौंडांच्या पट्ट्यात पैसे कशाचे? दोनच गोष्टींचे. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी, आणि रिकव्हरी स्पीड, म्हणजे एका वस्तूचा आवाज देऊन पुढची ऐकायला मशीन किती लवकर तयार होतं ते. लेजंड आणि इक्विनॉक्स 700 या दोन्ही मशीनांत हे आहे. एक्स-टेरा प्रो स्वस्त पडतं, पण त्यात 5, 8, 10, 15 किलोहर्ट्झपैकी एका वेळी एकच. सिंप्लेक्स प्लस तर 12 वर बांधलेलं.

रिकव्हरीचं महत्त्व कळायला खिळ्यांची जमीन हवी. माझ्या एका परवानगीच्या शेतात जुन्या घराची जागा आहे. ओंजळीएवढ्या मातीत तीन खिळे आणि त्यांच्यामध्ये हॅमर्ड (हातोडीने ठोकून घडवलेल्या) चांदीच्या पेनीचा कापलेला चतकोर, करंगळीच्या नखाएवढा. जुनं मशीन तिथे नुसतं गुरगुरायचं. लेजंडला 6 इंची कॉइल (जमिनीवर फिरवायची चकती) लावली, रिकव्हरी वाढवली, झोका निम्मा केला. खिळ्याचा घोगरा आवाज, मग निमिषभर एक कोवळा टूं, परत घोगरा. काटकोनात वळून पुन्हा फिरवलं तरी टूं जागच्या जागी. खोली चार बोटंसुद्धा नव्हती. यात हजार पौंडांच्या वरचं मशीन काय वेगळं करणार होतं?

आणि 2009 चा स्टॅफर्डशायर साठा आठवा. अँग्लो-सॅक्सन सोनं, किंमत 32 लाख 85 हजार पौंड ठरली. सापडवणाऱ्याचं मशीन जुनाट, कार बूट सेलमधून, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजारातून, अडीच पौंडांना घेतलेलं, असं तेव्हा सगळ्या पेपरांत आलं होतं.

डीप_सिग्नल
माझं वाक्य सोयीपुरतं उचललंत. मी मेलबर्नला असतो, माझं सगळं काम समुद्रावर. ओल्या खाऱ्या वाळूवर एका फ्रिक्वेन्सीचं मशीन अखंड बडबडतं. गप्प करायला सेन्सिटिव्हिटी उतरवा, मग अंगठीही गप्प. तुमच्या चिखलातल्या चतकोर पेनीवरून जगाला सल्ले देऊ नका.

अडीच पौंडांच्या मशीनचं म्हणाल तर लॉटरी लागलेल्याला विचारून कोणी गुंतवणूक करतं का? तो साठा नांगराने वर आणून शेतभर पसरवला होता. आमच्याकडे 1980 साली किंगोवरला 27 किलोंचा सोन्याचा गोळा मेटल डिटेक्टरनेच काढला. 'हँड ऑफ फेथ' म्हणतात त्याला. मशीनचा दर्जा म्हणजे काय ते तिथे दिसतं.

लेस्टरकर
27 किलोंचा गोळा, जेमतेम फूटभर खोल. तो शोधायला दर्जा लागतो होय! तो तर पायालाही लागला असता. आणि खारी वाळू हा मुद्दा बहुफ्रिक्वेन्सीच्या बाजूचा झाला, ती लेजंडमध्येही आहे. तुम्ही माझीच बाजू मांडताय, फक्त चढ्या आवाजात.

ग्रीनवेस्टग्रस्त
मशीनं कसली तुलना करताय. आमच्या भागात दोन शेतकऱ्यांनी शेतात ग्रीन वेस्टचं खत टाकलं. बागेचा कचरा म्हणे. त्यात दळलेले ॲल्युमिनियमचे डबे, बाटल्यांची टोपणं, फॉइल. एकरभर जमीन नुसती वाजत राहते. बारीक चांदी आणि डब्याचा तुकडा, मशीनच्या पडद्यावरचा आकडा (टार्गेट आयडी) तोच. सातशेचं मशीन असो की सतराशेचं, सगळी सारखीच मूर्ख ठरतात. ज्याने हे खत पास केलं त्याला एक दिवस हेडफोन घालून त्या शेतात उभं करा.

जांभा_दगड
नवखा मीच. माझ्या प्रश्नावर युद्ध पेटलंय, पण मी रत्नागिरीत राहतो हे कोणी वाचलेलं दिसत नाही. बहिणीची अंगठी भाट्याच्या वाळूत पडली, ती शोधायला सिंप्लेक्स मागवून घेतलं. कोरड्या वाळूवर बरं चालतं. पाण्याकडे निघालं की थयथयाट. शिवाय आमची वाळू काळी, इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजाची. जरा आत जावं तर जांभा. ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा गोंगाट वगळायची सेटिंग) करून दहा पावलं चाललं की पुन्हा बिघडतो. अंगठी नाहीच मिळाली. पण नाद लागला. आता गल्लीतलं कोणाचंही काही हरवलं की मला हाक येते.

डीप_सिग्नल
बघा! खारं पाणी आणि काळी वाळू एकत्र. हीच परीक्षा. अशा ठिकाणी मँटिकोरच.

लेस्टरकर
अशा ठिकाणी कुठलंही व्हीएलएफ मशीन, म्हणजे आतापर्यंत नाव घेतलेली सगळीच, खोली गमावतं, मँटिकोरसुद्धा. खरा उपाय पल्स इंडक्शन, म्हणजे धक्क्याधक्क्याने सिग्नल सोडणारं मशीन, पण ते लोखंड वेगळं ओळखत नाही. प्रत्येक बाटलीचं बूच खणत बसा. जांभासाहेब, लेजंड किंवा 700, बीच मोड, सेन्सिटिव्हिटी मधोमध, आणि ओल्या पट्ट्यात शिरलात की तिथे उभं राहून ग्राउंड बॅलन्स नव्याने. उरलेल्या पैशातून चांगला पिनपॉइंटर (नेमकी जागा दाखवणारी हातातली कांडी) आणि वाळू गाळणारं भोकांचं फावडं घ्या. वाळूत हात घालून चाचपण्यात निम्मा दिवस जातो.

गडवाटा
तुमचं चाललं असेल तर एक विचारू? महाराष्ट्रातल्या माणसाला हे यंत्र घ्या, ते यंत्र घ्या असं जाहीर सांगताना लाज वाटत नाही का? दुर्गसंवर्धनाला जातो म्हणून बोलतोय. पावसाळा सरला की गडावर पहिलं काय दिसतं, तर ताजे खड्डे. गुडघाभर खोल, काठ सरळ कापलेले. तळाशी गंजका खिळा टाकून दिलेला. म्हणजे यंत्र वाजलं, खणलं, खिळा निघाला, पुढे गेले. त्या खड्ड्यात खापरं होती, चुन्याचा थर होता, तो गेला कायमचा. गुप्तधनाच्या नादात मारुतीचा चौथरा उचकटलेला पाहिलाय, नंदी फोडलेला पाहिलाय.

मार्च 2025 मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी काय झालं? एक सिनेमा आला, सोन्याच्या नाण्यांची आवई उठली आणि रात्री शेतंच्या शेतं माणसांनी भरली. टॉर्च, कुदळी, चाळण्या आणि तुमचे हे डिटेक्टर. त्याच वर्षी जुलैत आपले किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, महाराष्ट्रातले 11 आणि तमिळनाडूतला जिंजी. आता तर यंत्र घेऊन कोणी गडाच्या वाटेला दिसला की आम्ही फोटो काढून थेट पोलिसांत देतो.

जांभा_दगड
अहो, मी अंगठी शोधतो! गडाचं नाव कोणी काढलं?

गडवाटा
सुरुवात अंगठीनेच होते.

नांगरट
गडवाल्या दादा, सगळ्यांना चोर म्हणायच्या आधी जरा शेतात या. माझ्याकडं पण मशीन आहे, साधंच. रोटाव्हेटरचं पातं तुटून मातीत राहिलं की पुढल्या फेरीला टायर फाडतं. ते शोधायला घेतलंय. किल्ला माझ्यापासून कितीतरी लांब.

आता खरं सांगतो. नांगरताना शिवराया, म्हंजे तांब्याची जुनी नाणी, निघतात, आज्यापासून निघतात. आमच्या घरात देव्हाऱ्यात चार आहेत. कळवल्या का? नाही. का, तर शेजारच्या गावात एकाला शेतात घागर लागली, त्यानं शहाणपणा करून कळवलं. मग पंचनामा, जबाब, "अजून कुठं लपवलंय" म्हणून घरझडती, तालुक्याला हेलपाटे. घागरीत निघालं काय, तर तांबं. त्याच्या पोरीच्या सोयरिकीत पाव्हणे विचारायला लागले, गुप्तधनवाले तुम्हीच का? तिकडं इंग्लंडात शेतकऱ्याला निम्मे पैसे आणि पेपरात फोटो. हिकडं चौकशी. मग कोण कळवणार?

लेस्टरकर
इकडचं फार गोड समजू नका. निम्मे हे कायद्याने आपोआप नाहीत, शेतकऱ्याशी आधी करार असतो. कायद्याने 'ट्रेझर' असू शकेल असं काही मिळालं तर 14 दिवसांत कॉरोनरला (चौकशी अधिकाऱ्याला) कळवायचं. मग संग्रहालयाला हवं असेल तर मूल्यांकन, त्यात वर्षं जातात. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय नुसतं मशीन फिरवणं हाही गुन्हा. पण एक खरं, नोंद करून घेणारा माणूस जिल्ह्यात बसलेला असतो आणि तो तुमच्याकडे चोर म्हणून बघत नाही. आमच्याच काउंटीत हॅलटनला 2000 साली हौशी लोकांच्या गटाला जुनी नाणी मिळाली. त्यांनी जागा आणखी न उकरता कळवलं, म्हणून रीतसर उत्खनन झालं आणि पाच हजारांवर नाणी व रोमन शिरस्त्राण निघालं.

गडवाटा
नांगरट, तुमच्या गावात जे झालं ते वाईटच, पण कायदा न वाचता कायद्याला शिव्या देताय. 1878 चा निखात निधी अधिनियम. जमिनीत दडलेलं 10 रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. मालक कोणी ठरला नाही आणि सापडवणारा व जमीनमालक यांच्यात वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडवणाऱ्याचे, एक जमीनमालकाचा. तुमच्या इंग्लंडपेक्षा बरं आहे! लपवलं तर मात्र वर्षभरापर्यंत कैद.

नांगरट
10 रुपये! 1878 चे! आज 10 रुपयात कटिंग चहा येतो. म्हणजे माझ्या शेतात पडलेली पितळी कडी सुद्धा कलेक्टरला कळवू का? आणि पुढचं कलम सांगायचं राहिलं दादा. आमचा वकील सांगतो, सरकारला ठेवून घ्यायचं असलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा. धातूची! नाण्याची नव्हं. शिवराईचं तांबं मोडीत किती जातं? बाजारात तिला काय भाव आहे ते तुमाला पण म्हाईत आहे.

गडवाटा
...ते कलम आहे. आणि ते बदलायला हवं, हेही मान्य. पण म्हणून गडावर खड्डे पाडायचे?

नांगरट
मी कवा पाडले?

डीप_सिग्नल
इथे कोणाला मशीनबद्दल बोलायचं आहे का? की मी मामलेदार कचेरीत आलोय?

गडवाटा
तुम्ही मेलबर्नला बसून बोलायला मोकळे. तुमच्या पुढच्या सुट्टीत रायगडला ते यंत्र आणू नका म्हणजे झालं.

डीप_सिग्नल
मी कशाला आणू? शिव्या द्यायच्याच असतील तर नीट माणूस निवडा. या हौशेत कितीतरी लोक हरवलेल्या वस्तू परत देणारे असतात. मी एका आजींचं मंगळसूत्र लाटेखालून काढून दिलंय, पैसे न घेता. तुम्ही खड्ड्यांचे फोटो काढता, मी भरलेल्या खड्ड्यांचे टाकत नाही एवढाच फरक.

गडवाटा
मंगळसूत्राबद्दल धन्यवाद. गडाबद्दल एक शब्दही मागे घेत नाही.

ग्रीनवेस्टग्रस्त
गडावर निदान ॲल्युमिनियम तरी कमी असेल.

गडवाटा
वेफर्सची पाकिटं, बाटल्यांची टोपणं आणि पर्यटक. यायचं तर रविवारी या, पिशवी देतो. यंत्र घरी ठेवा.

जांभा_दगड
लेस्टरकर, शेवटचं विचारतो. लेजंड की 700? आणि मोठी कॉइल घेऊ का? डीप_सिग्नल यांनी खाजगीत 15 इंची सुचवली आहे.

लेस्टरकर
काळ्या वाळूत 15 इंची नको. कॉइल जितकी मोठी तितकी जास्त माती तिच्या नजरेत, म्हणजे इल्मेनाइटचा गोंगाटही जास्त. सोबत येणारीच ठेवा, जमलं तर 6 इंची घ्या. दोन मशीनांत मी लेजंड म्हणेन, बचत होते. पण तुमच्या जवळपास कोणाकडे 700 असेल तर आधी तासभर तुमच्याच किनाऱ्यावर फिरवून बघा. बागेत, यूट्यूबवर चाललेलं मशीन तुमच्या वाळूत चालेलच असं नाही.

डीप_सिग्नल
15 इंची मी कोरड्या वाळूसाठी म्हटलं होतं. बाकी लेजंड घ्या तर घ्या. ओल्या पट्ट्यात ते चालतं, एवढं मी कबूल करतो. फार चांगलं चालतं असं म्हणणार नाही. आणि समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, चार्जिंगची पिन कोरडी करा. तेवढं लेस्टरच्या चिखलवाल्यांना सुचणार नाही.

नांगरट
गडवाले दादा, त्या चार शिवराया आज्याच्या वेळच्या आहेत, त्या देव्हाऱ्यातच राहणार, काय करायचं ते करा. पण परवा बांध फोडताना एक नवी निघाली. पोरगं म्हणतंय कळवू, बघू तुमचा कायदा काय करतो. अर्जाचा नमुना असतो का काही?

गडवाटा
साधा कागद चालतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे लिहा. काय सापडलं, किती, कुठल्या गटात, कुठल्या तारखेला. नाणं घासू नका, चिंच तर अजिबात लावू नका. आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. आवक शिक्का मारलेली पोच हातात पडल्याशिवाय कचेरीतून हलू नका. कोणी उडवून लावलं तर इथे लिहा, मी येतो बरोबर.