मदत हवी आहे: डावा हेडलाइट अर्ध्यावरच अडकतो (व्हॅक्यूमवर चालणारा)

निळी_सीथ्री:
गाडी कॉर्व्हेट सी-3, म्हणजे तिसऱ्या पिढीची आहे. हेडलाइट एरवी मिटलेले असतात आणि इंजिनाच्या व्हॅक्यूमने, म्हणजे हवेच्या ओढीने, वर येतात. हेडलाइटचं बटण ओढलं की उजवा दिवा झटकन वर येतो, डावा अर्ध्यावर येऊन थांबतो. हाताने आधार दिला की वर जातो आणि राहतो. डाव्याचा अ‍ॅक्च्युएटर (हवेच्या ओढीने दिवा हलवणारी डबी) नवा बसवला, काडीचाही फरक नाही. तीन रात्री यातच गेल्या. रविवारी पहाटे अंधारात निघायचंय. नेमकं काय बदलू तेवढं सांगा.

पक्कड_पाना:
साल कोणतं? आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) व्हॅक्यूम किती मिळतोय? दिवे न पेटवता नुसते वर घेणाऱ्या, स्टिअरिंगखालच्या ओव्हरराइड स्विचने दिवे वर घेतले तरी असंच होतं का? नवा अ‍ॅक्च्युएटर आणण्याआधी जुना तपासला होता का? एवढं कळल्याशिवाय "हे बदला" असं कुणी सांगितलं तर ते अंदाजपंचेच असेल.

सुसाट:
ती सगळी नळ्यांची जंजाळ उपटून टाका आणि विजेच्या मोटरचं किट बसवा. मी बसवलं, चार वर्षं झाली, बघावं लागलं नाही. कंपनीनेसुद्धा पुढच्या पिढीत, म्हणजे 1984च्या गाडीपासून, मोटरच दिली.

जुनं_ते_सोनं:
@सुसाट, आधीच्या पिढीत, 1963 ते 67च्या गाडीतही मोटरच होती. मोटर सोडून त्यांनी सी-3ला व्हॅक्यूम दिला आणि 1968 ते 82 एवढी वर्षं तो ठेवला. चालतच नसता तर एवढा टिकला नसता. त्यांनी दुरुस्ती विचारली आहे, गाडी बदलायचा सल्ला नाही.

सुसाट:
पन्नास वर्षांचं रबर आहे ते. एक नळी बदला, दुसरी फुटते. रविवारी निघायचं असलेल्या माणसाला मी व्यवहाराचं बोलतोय.

रातवा:
दिवे मंद वाटत असतील तर दोन रिले (मोठा करंट सांभाळणारे विजेचे स्विच) बसवा आणि बॅटरीवरून जाड वायर थेट आणा. मूळ स्विचमधूनच सगळा करंट जातो, त्याने उजेड पडत नाही. मला खूप फरक पडला.

निळी_सीथ्री:
@रातवा, उजेडाची तक्रारच नाही. दिवा वर येत नाही.
साल 1969, इंजिन 350 (घन इंच), ऑटोमॅटिक. ओव्हरराइडनेही तसंच. गेज माझ्याकडे नाही. जुना अ‍ॅक्च्युएटर तपासला नाही, डावीकडे बिघाड दिसतोय म्हणून सरळ डावाच बदलला.

पक्कड_पाना:
ओव्हरराइडनेही तसंच, म्हणजे डॅशबोर्डवरच्या बटणावरचा संशय कमी झाला. गेज कुणाकडून तरी मागून आणा, त्याशिवाय पुढे जाता येणार नाही.
आणि इंजिन चालू असताना त्या दिव्याला हात लावू नका, कळकळीने सांगतोय. 18 इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम म्हणजे डायाफ्रामच्या (डबीतल्या रबरी पडद्याच्या) दर चौरस सेंटीमीटरला साधारण 0.6 किलो जोर. व्हॅक्यूमच्या टाकीत साठा असतो, इंजिन बंद केल्यावरही दिवा अचानक हलतो आणि बोटं चेपतात.

एलानवेडा:
थोडं अवांतर. जुन्या लोटस एलान या गाडीतही दिवे व्हॅक्यूमवरच उठतात, आणि तिथे वेगळी टाकीच नाही. चेसीचा (गाडीच्या सांगाड्याचा) पुढचा आडवा भाग पोकळ आहे, तीच टाकी. त्याला गंजाने टाचणीएवढं भोक पडलं की दिवे खाली. मी माझ्या गाडीच्या सगळ्या नळ्या बदलल्या, मग कळलं की चेसीच गळतेय.

जुनं_ते_सोनं:
@एलानवेडा, हे छान सांगितलंत. सी-3ला टाकी वेगळी असते, पण तीही गंजते.
@निळी_सीथ्री, 1969 म्हणजे तुमच्या वायपरवर झाकण असणार. 68 ते 72 एवढ्याच गाड्यांना ते आहे आणि तेही याच व्हॅक्यूमवर चालतं. ते नीट उघडतं-मिटतं का?

निळी_सीथ्री:
ते झाकण गाडी घेतली तेव्हापासून अर्धवट उघडंच आहे. त्याचं नंतर बघणार आहे. आत्ता प्रश्न हेडलाइटचा आहे.

पक्कड_पाना:
अहो, हीच तर मुख्य गोष्ट! दोन्हींचा व्हॅक्यूम एकाच टाकीतून जातो. झाकणाच्या बाजूला गळती असेल तर हेडलाइटला उरेल तेवढंच मिळणार, आणि ज्या दिव्याची बिजागरी जड आहे तो आधी हार मानणार.

हवाबंद:
सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तिथे गळती. टायरचं पंक्चर काढतात तसं.

पक्कड_पाना:
@हवाबंद, टायरमधून हवा बाहेर येते. इथे नळी हवा आत ओढते, बुडबुडे यायचेच नाहीत. उलट साबणाचं पाणी आत जाईल.

हवाबंद:
मग कार्बोरेटर क्लीनर फवारा. आयडल बदलला की गळती सापडली.

जुनं_ते_सोनं:
गरम इंजिनावर तो फवारा मारू नका, पेट घेतो. आणि यांची अर्धी नळ्यांची वाट विंडशील्डच्या खाली आणि डॅशमागे आहे, तिथे फवारून काय कळणार? त्यापेक्षा सोपा मार्ग सांगतो. टाकीजवळ टी (तीन तोंडांचा जोड) लावून गेज जोडा, इंजिन आयडलला ठेवा आणि एकेक फांदीची नळी चिमट्याने दाबत जा. चिमट्याला कापड गुंडाळा, जुनं रबर चिरतं. ज्या फांदीला दाबल्यावर काटा वर जाईल, गळती तिच्यात. दिव्यांच्या नळ्या काढाल तर रंगीत पट्ट्यांचा फोटो आधी काढून ठेवा, हिरवी आणि लाल उलट लागली तर एक दिवा उघडताना दुसरा मिटेल.

सुसाट:
तुमची गाडी समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे तेही सांगा. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी दिसतो. उगाच आकड्याला घाबरून इंजिन खोलू नका.

निळी_सीथ्री:
उंची फार नाही. गेज मिळालं. मॅनिफोल्डवर, म्हणजे थेट इंजिनाशी, 18. चेक व्हॉल्व्हच्या (हवा एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पुढे, टाकीशी, फक्त 11.
डाव्या दिव्याची फांदी दाबली, 11च. उजव्याची, 11च. मग वायपरच्या झाकणाकडे जाणारी दाबली. काटा सरळ 17वर गेला आणि त्याच क्षणी समोरून "खट्ट" असा आवाज आला. डावा दिवा आपला आपण वर येऊन बसला होता. मी किती वेळ चिमटा तसाच धरून उभा होतो.

पक्कड_पाना:
वा! आता झाकणाचा रिले आणि त्याच्या नळ्यांची टोकं बघा. हा व्हॅक्यूमची वाट उघडणारा-मिटणारा रिले, विजेचा नाही, पातळ डबीसारखा असतो.

निळी_सीथ्री:
सापडलं. रिलेच्या तोंडावर चढवलेली नळी. बाहेरून काळी, चकचकीत, अगदी नव्यासारखी. वाकवली तेव्हा तोंडापाशी नखाएवढी चीर उघडली. बोट लावलं तर बोट खेचून धरत होती. पाऊण इंच कापली आणि पुन्हा घट्ट चढवली. आता टाकीशी 15.

जुनं_ते_सोनं:
उरलेले इंच बहुधा झाकणाच्या अ‍ॅक्च्युएटरच्या दांड्याभोवतीच्या सीलमधून जातायत. रविवारपुरती ती फांदी बुजवून टाका, पण झाकण उघडं राहील असं ठेवा. मिटलेलं असेल तर पावसात वायपर झाकणाखालीच अडकतील.

पक्कड_पाना:
आणि डाव्या दिव्याची बिजागरी सोडवून ग्रीस लावा. इंजिन बंद करून, टाकीची नळी काढून, साठा जाऊ द्या आणि मगच हात घाला.

निळी_सीथ्री:
फांदी बुजवली, झाकण उघडंच आहे. ग्रीस लावलं. डावा आता उजव्यापेक्षा अर्धा सेकंद मागे येतो, पण पूर्ण येतो. इंजिन बंद करून वीस मिनिटांनी बटण ओढलं तरी दोन्ही उठले.
जुना अ‍ॅक्च्युएटर कपाटात पडलाय. ठेवू का टाकू?

पक्कड_पाना:
टाकू नका. हातपंपाने 15 इंच ओढा आणि पाच मिनिटं थांबा. दोन्ही तोंडांवर एकेकदा. काटा 15वरच राहिला तर तो गळत नाही.

निळी_सीथ्री:
दोन्हीकडे केलं. काटा जागचा हलला नाही.