‘फ्लाऊवेकुल’ म्हणजे नेमकं काय? शेजारच्या आजी रागावल्या का?

आइंडहोवनकर:
इथे नेदरलँड्समध्ये येऊन आठ महिने झाले. शेजारी ऐंशीच्या पुढच्या एक आजी राहतात. काल माझी सायकल त्यांच्या दारात पडली आणि जिरेनियमची कुंडी फुटली. नवी कुंडी घेऊन गेलो, वर पैसेही पुढे केले. हात झटकून म्हणाल्या, "आख, फ्लाऊवेकुल!" आणि दार लावलं. डच शब्दकोशात ‘मूर्खपणा, बाष्कळपणा’ असा अर्थ मिळाला. रात्रभर तेच डोक्यात होतं. त्यांचं मन दुखावलं असेल तर मला परत जायचंय.

डेल्फ्टची सून:
दादा, अजिबात काळजी करू नका. बारा वर्षं हा शब्द सासूबाईंच्या तोंडून ऐकतेय. सूपमध्ये मीठ कमी पडलं की त्या चमचा खाली ठेवून म्हणतात, "फ्लाऊ." सासऱ्यांचा तोच तो विनोदही फ्लाऊ. आपण पाणचट म्हणतो ना, अगदी तसंच. घेरी येऊन पडणं म्हणजे ‘फ्लाऊफालन’. चव, जोर, जीव नसलेलं ते फ्लाऊ. ‘कुल’ म्हणजे बाष्कळ बडबड. त्याचा जुना अर्थ पुरुषाच्या गुप्तांगाशी जोडलेला, पण आज तो कुणाच्या मनातही येत नाही. सासूबाई नातवंडांसमोर बिनदिक्कत वापरतात.

मुख्य म्हणजे हा शब्द गोष्टीला लागतो, माणसाला नाही. आजी तुम्हाला नव्हे, पैसे देण्याला फ्लाऊवेकुल म्हणाल्या. आपल्याकडच्या आजी म्हणाल्या असत्या, "काहीतरीच तुझं!" ऑफिसात मात्र साहेबांच्या सूचनेवर बोलू नका, तिथे तो झोंबतो.

गेंटवासी:
आमच्या फ्लांडर्समध्ये, म्हणजे बेल्जियमच्या डच बोलणाऱ्या भागात, ‘झेवर’ जास्त चालतो. मूळ अर्थ लाळ. गळत राहते तशी बडबड. वेड्याला इकडे ‘झॉट’, फ्रेंचमधून आलेला. पत्त्यांतल्या गुलामालाही झॉटच म्हणतात. डच विद्वान इरॅस्मसने मूर्खपणाची स्तुती करणारं पुस्तक लॅटिनमध्ये लिहिलं, ते १५११ साली छापलं गेलं. त्याच्या डच नावातही हाच शब्द आहे: ‘लोफ डेर झॉटहाइट’.

आइंडहोवनकर:
ताई, फार आभार. आज शंकरपाळ्यांचा डबा घेऊन गेलो, पैशांचा विषय काढला नाही. आजींनी आत बोलावून कॉफी दिली. नवी कुंडी खिडकीत होती, तेच जिरेनियम लावलेलं, एक फांदी सुतळीने काडीला बांधलेली.