'जाने भी दो यारो' बघताना तुमचं हसू कुठे थांबलं?

आमच्या घरात यावरून उभे दोन तट आहेत. सासूबाईंच्या मते हा धमाल विनोदी सिनेमा, नवऱ्याच्या मते इतका कडू सिनेमा हिंदीत दुसरा नाही. गोष्ट बहुतेकांना माहीत आहेच. विनोद आणि सुधीर या दोन फटिचर फोटोग्राफरांना स्वतःच काढलेल्या फोटोत खून सापडतो, मग आयुक्त डिमेलोचं प्रेत गावभर फिरतं. (पाहिला नसेल त्यांनी आधी पाहून या, इथे सगळं फुटणार आहे.) साल १९८३, पैसा एनएफडीसीचा (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ), तोही ७ लाखांच्या आत. दिग्दर्शक कुंदन शाह आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे, संकलक रेणू सलुजाही तिथल्याच. म्हणजे निम्मं श्रेय पुण्याचं, आपण थोडंच सोडतोय! कुठे पाहिलात, कोणाबरोबर, हसू कुठे थांबलं ते लिहा. परीक्षणं नकोत.

तिसरी घंटा
दूरदर्शनवर, आजोबांबरोबर. ते गणेशोत्सवात नाटकं बसवायचे, त्यामुळे पडदा वर गेल्यावर भलताच इसम रंगमंचावर येणं म्हणजे काय, हे त्यांनी भोगलेलं. महाभारताच्या नाटकात द्रौपदीच्या साडीत प्रेत, वस्त्रहरण नको म्हणणारा दुर्योधन, मध्येच अकबर... आजोबा खुर्चीतून पडायचे राहिले. म्हणाले, "धृतराष्ट्र बघ. काय चाललंय कळत नाही, पण जागा सोडत नाही. असा नट मिळत नाही हल्ली." यातला दुःशासन म्हणजे विधू विनोद चोप्रा, हे त्यांना कधी कळलंच नाही. आमचं हसू थांबायचा प्रश्न आला नाही. शेवटाआधी लाइट गेले.

हायपो
मी बुधवार पेठेत एका स्टुडिओत डार्करूमला होतो. ते दोघं फोटो मोठा करत जातात तिथे लोक हसत होते आणि माझ्या पोटात गोळा. कारण ते तसंच असतं. एन्लार्जरचं डोकं वर वर नेलं की चेहरा मोठा होतो, पण दाणा फुटतो, आणि पुढेपुढे हा माणूस की डाग, सांगता येत नाही. कोरा ब्रोमाइड पेपर डेव्हलपरमध्ये सोडायचा आणि ट्रे हलवत राहायचं. आधी केस उमटतात, मग भुवया, मिशी. गोरं कपाळ सगळ्यांत शेवटी. एकदा एका साखरपुड्याचा ग्रुप फोटो मोठा करत होतो, तर मागे दाराशी मुलाचे मामा मुलीच्या वडिलांकडून जाडजूड पाकीट घेताना वर आले. मालकांनी ट्रेमध्ये वाकून पाहिलं. म्हणाले, "मधला भाग घे." घेतला. गिऱ्हाईक खूश.
खुनाचा फोटो निघतो त्या बागेचं नाव अँटोनिओनी पार्क का, ते रोल धुवायला येणाऱ्या इन्स्टिट्यूटच्या पोरांनी सांगितलं. इटालियन दिग्दर्शक अँटोनिओनीच्या 'ब्लो-अप'मध्येही (१९६६) फोटो मोठा करताना खून दिसतो. आणि सिनेमातला निकॉन कॅमेरा नसीरुद्दीन शाहचा स्वतःचा होता, शूटिंगच्या वेळी चोरीला गेला. मला डिमेलोपेक्षा त्याचं जास्त वाईट वाटतं.

सळई
स्थापत्यवाला आहे, त्यामुळे पूल कोसळतो तिथे. डिमेलोच्या नावाचा पूल आपला आपण पडतो. आपला चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर ६०० किलो स्फोटकं लावून उडवला, तरी पुरता पडेना. आतल्या लोखंडाने धरून ठेवलं, उरलेला मशीन लावून पाडला. दुसऱ्या दिवशी आमच्या ऑफिसात एकच चर्चा: ज्याने हा बांधला त्याला आज टेंडर मिळालं असतं का?

फुलराणीवेडी
भक्ती बर्वेंची 'ती फुलराणी' डोक्यात घेऊन गेले होते. म्हटलं त्यांनी केलेली 'खबरदार'ची संपादकबाई शोभा सेन तरी पोरांच्या बाजूने उभी राहील. ती सौदा करायला लागली तिथे माझं संपलं. बिल्डरांकडून कोणी चांगल्याची अपेक्षा ठेवत नाही हो, पण शोभा सेनचा राग अजून गेलेला नाही.

जेन झी कर्वेनगर
मोबाइलवर पाहिला. पहिला अर्धा तास रटाळ, फोनवरचा गोंधळ ताणलेला. बॉडी आल्यावर पिक्चर सुरू होतो. डिमेलो झालेले सतीश शाह पिक्चरमध्ये मेल्यावर जास्त चांगलं काम करतात. ओम पुरी शवपेटीला बंद पडलेली गाडी समजून मदत करायला जातो, तो सीन मात्र चारचौघांत बघू नका, ठसका लागतो.

धागाकर्ती
रटाळ म्हणणाऱ्यांना इथे चहा मिळणार नाही. शवपेटीबद्दल मात्र माफ.

टँकर नं. २
आमच्या सोसायटीच्या गणपतीत पार्किंगमध्ये पडदा लावून दाखवला. निवड कमिटीतल्या एका निवृत्त काकांची. प्रमुख पाहुणे आमचे बिल्डरसाहेब, त्यांना पहिल्या रांगेत सोफा. इमारतीला कम्प्लीशन (पूर्णत्वाचा दाखला) मिळालेलं नाही, त्यामुळे पालिकेचं पाणी नाही, त्यामुळे टँकर. सिनेमातला बिल्डर तरनेजा पडद्यावर आला की सगळ्यांच्या माना सोफ्याकडे. साहेब मजेत. डिमेलो अमेरिकेचं कौतुक सांगतो, तिकडे प्यायचं पाणी वेगळं आणि गटाराचं वेगळं, तेव्हा पार्किंग दणाणलं. सर्वांत मोठं हसू साहेबांचं. शेजारच्याच्या मांडीवर थाप मारून हसले.
ते दोघं कैद्यांच्या कपड्यात रस्त्याने निघतात तिथे आम्ही गप्प झालो. साहेब तेव्हा फोनवर होते. मग माइक घेऊन म्हणाले, "फार सुंदर सिनेमा, असे विषय आले पाहिजेत." काकांनी तिथल्या तिथे विचारलं, "आणि कम्प्लीशन?" साहेब म्हणाले, "फाइल टेबलावर आहे." कोणाच्या टेबलावर, ते विचारेपर्यंत चेअरमननी शाल पुढे केली.