चिरागनगरचा अण्णाभाऊ वॉक: आदर की वस्तीचं प्रदर्शन?

चिरागनगरची सून: अण्णाभाऊ राहिले त्या आमच्या चिरागनगरात वॉक काढला, फार छान झाला, अशी कालची कौतुकाची पोस्ट वाचून राहवलं नाही. घाटकोपर स्टेशनपासून चिरागनगरपर्यंत तिकीट लावून 'अण्णाभाऊ साठे वॉक', आणि म्हणे "फकिराच्या गल्ल्या अनुभवा". अहो, 'फकिरा' ही त्यांची कादंबरी, तिची गोष्ट वारणाकाठची आहे, घाटकोपरच्या एलबीएस मार्गावरची नव्हे! आमच्या गल्लीतून दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला भिंतीला चिकटावं लागतं. तिथे घोळका थांबला, तोही नळाला पाणी आलं असताना. पिंपं मध्येच अडकली. एकाने माझ्या चुलत सासूच्या उघड्या दारातून आत मोबाईल धरला. ती भाकरी थापत होती, पिठाच्या हातानेच तिने दार लोटलं. गाईड तेव्हा अण्णाभाऊंच्या गरिबीवर बोलत होता. आमच्यापैकी एकालाही कुणी बोलायला बोलावलं नाही.

पुस्तकवेडा: ताई, मी होतो त्या वॉकला. मोबाईलवाल्याला दोघांनी टोकलं, तेही लिहा. माझ्यासोबतच्या पोरीला अण्णाभाऊ म्हणजे 1 ऑगस्टचा जयंतीचा बॅनर एवढंच माहीत होतं. तिने घरी जाताना 'फकिरा' विकत घेतली. शाळेने दहा वर्षांत जे केलं नाही ते एका सकाळी झालं. हे नको का?

चिरागनगरची सून: पुस्तक दादरला मिळतं. त्यासाठी आमच्या दारात कशाला?

परळचा नातू: वॉकवाले लेबर कॅम्पात, म्हणजे माटुंग्याच्या कामगार वस्तीत, का जात नाहीत, हा माझा प्रश्न. माटुंगा लेबर कॅम्पाशिवाय अण्णाभाऊ कसे सांगणार? 1944 साली त्यांनी शाहीर अमर शेख आणि गवाणकरांबरोबर कम्युनिस्टांचं लाल बावटा कलापथक काढलं. स्टालिनग्राडचा पोवाडाही त्यांचाच. माझे आजोबा गिरणीतून सुटल्यावर डबा हातात घेऊन ते कार्यक्रम ऐकायला जायचे. वॉकच्या जाहिरातीत 'कम्युनिस्ट' हा शब्दच नाही. लाल रंग धुऊन टाकायचं काम चालू आहे.

भीमसैनिक विक्रोळी: पुन्हा तेच! 'फकिरा' कुणाच्या लेखणीला अर्पण केलीय ते पान उघडा. बाबासाहेबांच्या. 1958 च्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात उद्घाटनाला उभं राहून पृथ्वी दलितांच्या तळहातावर तरली आहे म्हणणारा माणूस तुमच्या एकट्याचा कसा?

परळचा नातू: अर्धं वाक्य नका सांगू. दलित आणि श्रमिक, दोन्ही शब्द आहेत त्यात. श्रमिक गिळलात.

भीमसैनिक विक्रोळी: गिळायची सवय तुमची. जात हा शब्द किती वर्षं गिळलात? आमच्या वडिलांनी युनियनमध्ये उभी हयात घातली, पण व्यासपीठावर खुर्ची मिळाली नाही. सतरंज्या मात्र उचलल्या.

परळचा नातू: वडिलांचं ऐकून वाईट वाटलं, खरंच. पण एका युनियनचा राग अण्णाभाऊंच्या पोवाड्यावर का काढता? रशियाला ते 1961 मध्ये गेले ते काय फिरायला?

भीमसैनिक विक्रोळी: रशियाने डोक्यावर घेतलं आणि इथे 48 व्या वर्षी हलाखीत गेले. त्याचा जाब कोण देणार? पोवाडा नाकारत नाही मी. पण तुम्ही अर्पणपत्रिका आधी वाचा, मग बोलू.

परळचा नातू: वाचलीय. मान्य आहे. तुम्ही पोवाडा मान्य केलात एवढं लिहून ठेवतो.

घाटकोपर पश्चिम: तुमचं लाल-निळं आवरा जरा. 2022 ला मॉस्कोत अण्णाभाऊंचा पुतळा बसला, इथे चिरागनगरात व्हायच्या त्यांच्या स्मारकाचं काय? स्मारक येणार म्हणून आमच्या चाळीत कुणी भिंतीला प्लास्टर करत नाही, पाडणारच आहेत म्हणून. छत गळतं. स्मारकात पहिला दगड आमच्या घरांचा असू द्या, मग वॉक काढा नाहीतर पालखी काढा.

पुस्तकवेडा: घरांचा प्रश्न खरा आहे. पण वॉकमुळेच बाहेरच्यांना तो कळला. दारात डोकावणं चूक, घोळका मोठा होता, हेही मान्य. बंद करा मात्र म्हणू नका. आणखी एक, गाईडने अण्णाभाऊ चिरागनगरातच वारले असं सांगितलं. ते वारले गोरेगावच्या सिद्धार्थनगरात. हे सांगायला मी तेव्हाच हात वर केला होता.

चिरागनगरची सून: बघा, एवढंही माहीत नसलेला माणूस आम्हाला आमची वस्ती दाखवतो. काढा वॉक, पण दुपारी, पाणी भरून झाल्यावर. मोबाईल खिशात. बोलेल ते वस्तीतलं माणूस, आणि त्याला तिकिटातले पैसे द्यायचे. सुरुवात लेबर कॅम्पातून करा, त्यात परळवाल्यांचं बरोबर आहे.

भीमसैनिक विक्रोळी: लेबर कॅम्पात जाल तर दलित लेखक बाबुराव बागुलांचं नाव घ्या. तेही तिथलेच. नाहीतर तेही गाळाल.